गॅसबत्तीच्या पिशवीतलं मोनाझाइट

गणपती झाले की आमच्या पेडण्याकडच्या किनाऱ्यांवर काळे पट्टे दिसायला लागतात. केरीला जा, मांद्र्याला जा, पिवळसर वाळूवर कुणीतरी शाईची दौत लवंडल्यासारखे ओघळ. यंदा नववीतला भाचा त्या काळ्या वाळूची बरणीच भरून घेऊन आला. ‘मामा, ही रेडिओअ‍ॅक्टिव्ह असते. करोडोंची आहे. ग्रुपवर आलंय.’ मागून त्याची आई ओरडत होती, मग ती घरात कशाला आणलीस मेल्या!

त्या फॉरवर्डमध्ये बाकी सगळी थापेबाजी होती, पण एक शब्द खरा होता: मोनाझाइट. किरणोत्सारी खनिज, सापडतंही समुद्राच्या वाळूतच. फक्त ते या बरणीत कितपत असेल, हा प्रश्न होता. तेव्हा आम्ही आधी बरणीच तपासायला घेतली.

दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत साधी वाळू, दुसरीत काळी, दोन्ही काठोकाठ. भाच्याला डोळे मिटून दोन हातांवर धरायला लावल्या. काळ्या वाटीचा हात आपोआप खाली गेला. साधी वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्‌झ, पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड. काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजं, पाण्याच्या साडेचार-पाच पट जड. मोनाझाइटही याच वजनाच्या घरातलं, पाचच्या आसपास. म्हणूनच ही मंडळी एकमेकांच्या सोबतीनं सापडतात. आजी सूप घेऊन तांदूळ पाखडायची तेव्हा हलका कोंडा पुढे उडायचा आणि दाणा सुपात राहायचा. समुद्र पावसाळाभर हेच करतो, फक्त वाऱ्याचं काम लाटेचं पाणी करतं. हलकं क्वार्ट्‌झ ओढून नेतं, जड दाणे किनाऱ्यावर मागे राहतात. काळे पट्टे म्हणजे समुद्राच्या सुपात उरलेला माल.

मग जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरणीत फिरवलं. पिशवीला काळी दाढी फुटली. पिशवी कागदावर नेऊन चुंबक आतून काढून घेतलं, दाढी खाली पडली. असं दहा-बारा वेळा केल्यावर बरणीच्या तळाशी थोडे पांढरे आणि चार-दोन लालसर दाणे उरले. भाच्यानं आईचं भिंग आणून बराच वेळ शोधलं. मधाच्या रंगाचा, पिवळट-तपकिरी, गुळगुळीत घासलेला मोनाझाइटचा दाणा काही मिळाला नाही.

न मिळण्याला कारण आहे. तेरेखोल आणि शापोरा या नद्या सह्याद्रीवरून येतात आणि तिथला कातळ मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात लोह आणि टायटॅनियम भरपूर, पण मोनाझाइटला किरणोत्सारी करणारं थोरियम नावापुरतं. डिचोली-सत्तरी-सांग्याचे डोंगर म्हणाल तर तिथेही मालमसाला लोखंडाचा. मोनाझाइट जन्मतं ते ग्रॅनाइटमध्ये आणि जमिनीखाली प्रचंड उष्णता आणि दाब सोसलेल्या जुन्या खडकांत. असे खडक झिजून ज्या किनाऱ्यांना वाळू पुरवतात तिथे ते साठतं: केरळात चवरा, तमिळनाडूत मणवालकुरिची, ओडिशात छत्रपूर, शिवाय आंध्रचा किनारा. देशभरातला साठा १.२ ते १.३ कोटी टन मानला जातो. गोवा त्या यादीत ठळक नाही. ग्रुपवरच्या करोडोंचं तिथेच पाणी झालं.

तरीही मोनाझाइट आमच्या घराला परकं नव्हतं. भाच्याच्या जन्माआधी ते दर जत्रेला आमच्या डोक्यावर टांगलेलं असायचं.

दहीकाल्याची, म्हणजे दशावतारी नाटकाची रात्र आठवा. देवळापुढे मांडव, पडदा लागायचा बाकी, आणि पायरीवर बत्तीवाला चार पेट्रोमॅक्स मांडून बसलेला. पोरं भोवती. तो कागदी पाकिटातून रेशमासारखी पांढरी जाळीदार पिशवी काढायचा. त्याला सगळे ‘मेंटल’ म्हणायचे आणि त्यावरून आम्ही नको तेवढे हसायचो. ती पिशवी बत्तीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधायची, खालच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची. पिशवी काळी पडायची, आक्रसायची, मग राखेसारखी पांढरी व्हायची. नंतर पंप मारून हवा भरायची, रॉकेलची वाफ वर चढून फुस्स करायची आणि एकदम डोळे दिपवणारा उजेड. ‘आता हात लावू नका रे, मोडेल.’ आणि खरंच मोडायचं. एखादं पाखरू येऊन आपटलं तरी भोक पडायचं आणि संकासुराच्या प्रवेशाला अर्धा मांडव अंधारात.

आता या पिशवीत काय घडायचं बघा. कापड आधी थोरियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून वाळवलेलं असायचं. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं, पण धाग्याधाग्यात मुरलेल्या नायट्रेटचं थोरियम ऑक्साइड होतं आणि ते जाळीच्या आकारातच उभं राहतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते इथे शब्दशः. बत्तीत लोंबकळत असायचा तो नुसता पीळ. थोरियम ऑक्साइड वितळायला ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, तेव्हा रॉकेलची ज्योत त्याचं काय वाकडं करणार!

एक गैरसमज आधीच खोडतो, कारण चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलाय. तो उजेड किरणोत्साराचा नव्हे. तापलेलं थोरियम ऑक्साइड आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून फारशी बाहेर फेकत नाही, त्यामुळे ते ज्योतीत कडकडीत तापतं. त्यात कणभर सेरियम मिसळलं की ते सेरियम दिसणारा प्रकाश देतं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानं १८८५ मध्ये पहिलं मेंटल केलं तेव्हा त्यात थोरियम नव्हतं, उजेड हिरवट यायचा आणि धंदा काही चालला नाही. १८९१ मध्ये त्याला मेळ सापडला: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. आमटीतल्या मिठासारखा हिशोब, सेरियम कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी. ही दोन्ही मूलद्रव्यं एकाच खनिजातून मिळतात, मोनाझाइटमधून.

मेंटलमुळे युरोपातल्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे उजळले आणि मोनाझाइटला अचानक भाव आला. तेव्हा मोठा पुरवठा ब्राझीलच्या किनाऱ्यावरून होत असे. मग १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे दाणे दिसले. दुसऱ्या कुणी ती वाळू झटकून टाकली असती. हा माणूस माग काढत त्रावणकोरला पोचला आणि दोनेक वर्षांत मणवालकुरिचीला वाळू वेगळी करायचं काम सुरू झालं. म्हणजे सुंभातून निघालेलं खनिज पुढे सुंभाच्या म्हणीसारखं जळायला गेलं! स्वातंत्र्यानंतर सरकारनं हे सगळं हातात घेतलं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, १९५२ मध्ये केरळातल्या आळुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला.

वाळूतून ते वेगळं काढायची रीत आमच्या बरणीतल्या खेळासारखीच, फक्त जास्त नेमकी. इल्मेनाइटला चुंबक जोरात ओढतं, मोनाझाइटला हलकेच, आणि त्याच वाळूतल्या झिर्कॉन या खनिजाला ओढतच नाही. शिवाय इल्मेनाइटमधून वीज वाहते, मोनाझाइटमधून नाही. चुंबक आणि विजेचा दाब अशा दोन चाळण्या लावल्या की प्रत्येक दाणा आपापल्या ढिगात जातो.

मोनाझाइट हे नाव १८२९ मध्ये ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजतज्ज्ञानं दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकटं असणं, कारण त्याचे स्फटिक दुर्मिळ आणि सुटे सापडायचे. त्याच वर्षी स्वीडनच्या बर्झेलियसनं नॉर्वेतल्या एका काळ्या दगडातून नवं मूलद्रव्य ओळखलं आणि वज्र चालवणाऱ्या थॉर देवाचं नाव देऊन थोरियम म्हटलं. मोनाझाइट मुळात फॉस्फेट आहे. त्या फॉस्फेटला धरून सेरियम, लॅन्थॅनम, निओडायमियम अशी ‘दुर्मिळ मृदा’ गटातली मूलद्रव्यं बसलेली असतात. (नाव दुर्मिळ, पण सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. एका जागी गोळा झालेलं मिळत नाही, ही खरी अडचण.) त्यांच्या जोडीला थोरियम. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड ८ ते १० टक्के निघतं, ०.३ टक्क्याच्या आसपास युरेनियमही असतं. किरणोत्सार येतो तो या दोघांमुळे.

किरणोत्सारी म्हणजे नेमकं काय, हे भाच्याला लाह्यांवरून सांगितलं. तव्यावर दाणे टाकले की पुढचा कुठला फुटणार हे कुणी सांगू शकत नाही, पण किती वेळात निम्मे फुटतील याचा अंदाज असतो. अणूंचंही तसंच, आणि त्या निम्म्याच्या वेळाला म्हणतात अर्धायुष्य. ही कल्पनाच मुळात थोरियममुळे सुचली. थोरियममधून एक किरणोत्सारी वायू निघतो. त्याचा जोर दर मिनिटाला साधारण निम्मा होतो, हे रदरफर्डनं १९०० च्या सुमारास मोजलं. त्या वायूला आज थोरॉन म्हणतात. खुद्द थोरियमचा तवा मात्र फारच मंद आहे. अर्धायुष्य १,४०५ कोटी वर्षं, विश्वाच्या वयाहून जरा जास्त. पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढं थोरियम होतं त्यातलं आजवर फक्त एक पंचमांश संपलंय.

मंद म्हणजे निरुपद्रवी का? एक ग्रॅम थोरियममध्ये सेकंदाला सुमारे ४,००० अणू फुटतात. त्यातून निघणारे अल्फा कण कागदानं अडतात, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरानंही अडतात. त्यामुळे मेंटलचं पाकीट खिशात ठेवणाऱ्या बत्तीवाल्याला त्या अल्फा कणांपासून जवळपास काही धोका नव्हता. फुटलेलं मेंटल फुंकर मारून साफ करणं ही मात्र वाईट खोड. ती पांढरी धूळ श्वासातून आत गेली की अल्फा कणांना अडवायला मधे कातडी उरत नाही.

आत गेल्यावर काय होतं याचा दाखला पोर्तुगालमध्ये आहे. तिथले डॉक्टर एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं एक्स-रे चित्र काढायची पद्धत शोधली. रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून १९३१ पासून ते थोरोट्रास्ट वापरू लागले. थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम ऑक्साइडचे बारीक कण तरंगणारं इंजेक्शन. चित्रं सुंदर यायची आणि रुग्णाला तेव्हा काही त्रासही व्हायचा नाही, म्हणून ते जगभर चाललं. पण शरीराला ते बाहेर टाकता येईना. यकृतात आणि प्लीहेत ते आयुष्यभर बसून राहिलं आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कॅन्सर दिसू लागले. मोनिझना १९४९ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या शस्त्रक्रियेसाठी, आणि त्यावरही पुढे पुष्कळ वाद झाला.

याच्या उलट केरळातल्या करुनागपल्लीचं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोनाझाइटच्या वाळूवर राहतात आणि काही जागी नैसर्गिक किरणोत्सार नेहमीच्या कित्येक पट आहे. सुमारे ७०,००० रहिवाशांचा वर्षानुवर्षं माग ठेवून २००९ मध्ये निष्कर्ष छापला गेला, त्यात या किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. पायाखालचं थोरियम आणि यकृतातलं थोरियम, फरक इतकाच आणि एवढा मोठा.

आजच्या उपयोगांत सगळ्यात मोठा मान थोरियमचा नाही, त्याच्या शेजाऱ्यांचा आहे. बरणीत फिरवलेलं ते हार्ड डिस्कचं चुंबक निओडायमियमचं होतं, म्हणजे मोनाझाइट किंवा त्याच्यासारख्याच खनिजातून आलेलं. वाळू चाळणारी वस्तू तशाच कुठल्यातरी वाळूची किंवा खडकाची लेक. इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर, कानातले इयरफोन, कमी वीज खाणारे नवे पंखे, सगळीकडे तीच. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मिळ मृदा आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपल्या गाडी कारखान्यांची धांदल उडाली. आपल्याकडे मोनाझाइट आहे, पण त्यापासून धातू आणि धातूपासून चुंबक इथपर्यंतची साखळी आपण वेळेवर बांधली नाही, असं माझं मत. सेरियम काच घासून चकचकीत करायला लागतं, लायटरच्या ठिणगीच्या खड्यातही असतं. तो खडाही त्याच मेंटलवाल्या आउअरचा. आणि वेल्डिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेलात तर टिग वेल्डिंगच्या कांड्या बघा. टोकाला लाल रंग असेल तर त्या टंगस्टनमध्ये २ टक्के थोरियम ऑक्साइड आहे. कांडीला टोक काढताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये, नाहीतर सरळ निळ्या टोकाची लॅन्थॅनमवाली घ्यावी. काम तेवढंच छान होतं.

राहिला तो अणुभट्टीचा विषय. भाच्याच्या फॉरवर्डचा सगळा डोलारा त्यावरच होता, की थोरियम म्हणजे फुकटची वीज. पावसाळ्यात आजीकडे सुकी लाकडं थोडी आणि ओली ढीगभर असायची. ओलं लाकूड काडी लावून पेटत नाही. म्हणून ती ओली लाकडं पेटत्या चुलीच्या कडेला रचून ठेवायची. आतली लाकडं पेज शिजवायची आणि जाता जाता उद्याची लाकडं वाळवायची. अणुभट्टीतलं सुकं लाकूड म्हणजे युरेनियम-२३५. निसर्गातल्या युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के, आणि आपल्या देशात युरेनियमच बेताचं. थोरियम म्हणजे ओलं लाकूड. आपण होऊन ते अणू फुटण्याची साखळी पेटवू शकत नाही. पण पेटत्या भट्टीच्या कडेला ठेवलं की एक न्यूट्रॉन गिळतं, काही मिनिटांत प्रोटॅक्टिनियम होतं आणि त्याचं निम्मं २७ दिवसांत युरेनियम-२३३ होतं. ते चांगलं पेटतं.

होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची योजना याच चुलीवर उभी आहे. आधी साध्या युरेनियमच्या भट्ट्या चालवायच्या आणि त्यातून प्लुटोनियम जमवायचं. मग त्या प्लुटोनियमवर जास्त न्यूट्रॉन देणाऱ्या द्रुत प्रजनक भट्ट्या पेटवायच्या, त्यांच्या कडेला थोरियम वाळवायचं आणि शेवटी थोरियमवरच स्वयंपाक करायचा. पहिला टप्पा पक्का बसलाय. दुसऱ्यासाठी कल्पाक्कमला ५०० मेगावॉटची भट्टी बांधली, तिच्या गाभ्यात भरणी सुरू व्हायलाच २०२४ चा मार्च उजाडला. तिसऱ्याची चव घ्यायला कल्पाक्कमलाच कामिनी नावाची छोटी भट्टी आहे, १९९६ पासूनची. युरेनियम-२३३ वर चालते, ताकद अवघी ३० किलोवॉट. वीज करण्यासाठी नाही, चाचण्यांसाठी.

सत्तर वर्षं का लागतात, तर ओल्या लाकडाला धूर असतो. युरेनियम-२३३ बरोबर थोडंसं युरेनियम-२३२ तयार होतंच आणि त्याच्या वंशावळीतला एक थॅलियमचा अणू फार भेदक गॅमा किरण सोडतो. त्याला कागद काय, साधी भिंतही पुरत नाही. सगळी हाताळणी जाड भिंतीआड यंत्रांच्या हातांनी करावी लागते आणि ती महाग पडते. ‘थोरियम आहे, मग वीज का नाही’ विचारणाऱ्याला मी म्हणतो, लाकूड आहे, चूल पुरेशी पेटली नाही.

मोनाझाइट कायद्यानं सरकारच्या ताब्यातला पदार्थ आहे. परवान्याशिवाय ते काढता, विकता किंवा बाहेर पाठवता येत नाही. तेव्हा कुणी ‘दुर्मिळ किरणोत्सारी धातू’ दाखवून पैसे मागत असेल, तांदूळ ओढणाऱ्या राइस पुलरसारख्या भांड्याच्या गोष्टी सांगत असेल, तर सरळ पोलिसांत जावं. बाजारात ‘क्वांटम एनर्जी’ची लॉकेटं मिळतात, त्यातल्या काहींत खरोखरच मोनाझाइटची किंवा तसलीच पूड असते. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं अशा दहा वस्तू वापरू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या शेजारच्या काकींनी जत्रेत असलं एक घेतलंय. पाठदुखीवर. काढा म्हटलं तर म्हणतात, पाठ बरी आहे.

भाच्याला शेवटी जुन्या पेटीतलं मेंटलचं न फोडलेलं पाकीट दाखवलं. हल्लीच्या बऱ्याच मेंटलमध्ये थोरियमऐवजी इट्रियम असतं, पण हे जुनं, दशावतारात एलईडी यायच्या आधीचं. त्याला फोडून बघायचं होतं, मी फोडू दिलं नाही. बाहेरूनच हातात धरलं, उजेडात उलटसुलट बघितलं आणि हात धुऊन आला. काळी वाळू आईनं त्याला केरीला परत ओतून यायला लावली. बरणी तीन पाण्यांनी धुऊन उन्हात घातली आणि आता तिच्यात लिंबाचं लोणचं आहे.